बुलेटला कूलर? आधी तेल तर बघा

"गाडी तापतीया? मग पुढं ऑइल कूलर टाक की." हा सल्ला हल्ली कडेगावच्या स्टँडपासून विट्याच्या गॅरेजपर्यंत कुठंही फुकट मिळतो. देणाऱ्याच्या आवाजात ठामपणा एवढा असतो, की इंजिनात तेल किती आहे हे तरी बघितलंय का, असं विचारायचंही कुणाला सुचत नाही. ऑनलाइन किट मागवायचं. त्यात अ‍ॅल्युमिनियमची वीतभर जाळी, दोन नळ्या, चार बोल्ट. रविवारी दुपारी घरच्या अंगणात बसायचं आणि संध्याकाळी गार इंजिन घेऊन कराड रोडला एक चक्कर मारून यायची.

हा सल्ला मला मान्य नाही. आपल्या भागात फिरणाऱ्या बहुतेक गाड्यांना, मग ती स्प्लेंडर असो, शाइन असो की साडेतीनशेची बुलेट, बाहेरून बसवलेल्या ऑइल कूलरची गरज नाही. ज्यांना गरज आहे असं वाटतं, त्यांचं दुखणं बहुतेक वेळा दुसरंच असतं आणि कूलर ते दुखणं झाकून ठेवतो.

एक गोष्ट मात्र आधीच मोकळेपणानं सांगतो, नाहीतर मला भलत्याच पंगतीत बसवलं जाईल. "घरी पाना लावूच नका, सगळं शोरूमला न्या" म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. ज्या माणसाला स्वतःच्या गाडीचा ड्रेन बोल्ट कुठं आहे हे माहीत नाही, त्याला गाडीची कुरकुर कधीच कळत नाही. तेव्हा माझा आक्षेप घरी काम करण्याला नाही. न मोजता काम करण्याला आहे.

कूलरवाल्यांचा एक लाडका मुद्दा अभिमानाचा असतो. "किर्लोस्करांच्या मुलखातली माणसं आपण, आपल्याला काय अवघड?" मुलूख खराच किर्लोस्करांचा. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणरावांना औंधच्या राजांनी कुंडलजवळची माळरानाची जागा दिली आणि 1910 साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण त्यांच्या नांगराची गोष्ट सांगायची तर नीट सांगावी. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी तेव्हाच्या शेतकऱ्यांची समजूत होती आणि सुरुवातीचे नांगर कुणी घेईना. पुढं गिऱ्हाईक मिळालं ते नांगर काळ्या रानात चालवून दाखवल्यावर. लोखंडाचा आहे, नवा आहे, लांबच्या देशात वापरतात, एवढ्या भांडवलावर तो खपला नाही. कूलरचा प्रचार मात्र नेमका असल्याच तीन गोष्टींवर चाललाय: नवा आहे, चकचकीत आहे, मोठ्या गाड्यांना असतो. रानात चालवून कुणी दाखवला?

आता "तापते" या शब्दाकडं वळू. गाडी तापते हे कळलं कसं? बहुतेकांचं उत्तर एकच, हात लावून बघितला. माणसाच्या तळहाताला साठ अंशांच्या आसपासचं लोखंडसुद्धा धरवत नाही. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं हेड धडधाकट असतानाही दीडशेच्या पुढं असतं. म्हणजे हाताला चटका बसला यावरून इंजिन चालू होतं एवढंच सिद्ध होतं. पाण्याचे दोन थेंब टाकून चुर्रर्र आवाज ऐकवणारेही भेटतात. पाणी शंभरला उकळतं, त्यामुळं हेडवर टाकलेलं पाणी चुरचुरणारच. न चुरचुरलं तर काळजी करा.

मोजायचं असेल तर तेलाचं तापमान मोजावं. तेल भरायच्या बुचाच्या जागी बसणारा काट्याचा थर्मामीटर मिळतो. मल्टिमीटरबरोबर येणारी तापमानाची वायर ड्रेन बोल्टच्या डोक्याला चिकटवली तरी अंदाज येतो. तेल 90 ते 120 अंशांत असेल तर गाडी मजेत आहे. 130 च्या पुढं बराच वेळ राहत असेल तर साधं खनिज तेल लवकर काळं पडून खराब होऊ लागतं. ढोबळ हिशेब असा, की दर दहा अंशांना तेल सडण्याचा वेग दुप्पट होतो. चाळिशीला टेकलेल्या मे महिन्यात, डबल सीट, सागरेश्वरची चढण चढून आल्यावर हा आकडा बघा आणि मग माझ्याशी भांडायला या. आकडा खरंच 135-140 दाखवत असेल तर मी गप्प बसेन. पण आकडाच नसताना जे भांडतात, त्यांचा फक्त आवाज मोठा असतो.

"आवं, कंपनीच देतीया की कूलर!" हा दुसरा मुद्दा, आणि हा जरा वजनाचा आहे. खरं आहे, देते. बजाजच्या पल्सर 220 ला 2007 पासून कूलर होता. हिरो होंडाच्या करिझ्मा झेडएमआरला 2009 मध्ये आला, रॉयल एनफिल्डच्या 411 सीसी हिमालयनला 2016 मध्ये, आणि 650 च्या जोडगोळीलाही आहे. पण याच रॉयल एनफिल्डनं 2021 मध्ये क्लासिक 350 ला कोऱ्या कागदावरून काढलेलं नवं इंजिन दिलं, तेव्हा तिला पुढं जाळी का दिली नाही? पैसे वाचवायचे म्हणून? त्या इंजिनात हेडमधल्या सर्वांत तापणाऱ्या जागेभोवती तेल फिरवण्याची सोय आतच केली आहे. वीस हॉर्सपॉवरच्या, सहा हजार फेऱ्यांच्या आसपासच दम संपणाऱ्या इंजिनाला तेवढं पुरतं, असा कंपनीचा हिशेब आहे. तोच हिशेब डोंगरात सामानासकट चढायच्या हिमालयनसाठी वेगळा निघाला. म्हणजे कंपनीचा दाखला द्यायचाच असेल तर पुरा द्यावा लागेल. ती कुठं देते आणि कुठं देत नाही, दोन्ही.

तेलानं इंजिन थंड करण्याची खरी गंमत जाळीत नाहीच. 1985 ची सुझुकी जीएसएक्स-आर 750 घ्या. मोटरसायकलच्या इतिहासात तेलानं थंड होणाऱ्या इंजिनांचं नाव निघालं की तीच आधी आठवते. तिच्यात तेलाचा पंपच दुहेरी होता. एक बाजू बेअरिंगांना दाबानं तेल द्यायची, आणि दुसरी भरपूर तेल थेट ज्वलनकक्षाच्या डोक्यावर धारेनं सोडायची. ते तापलेलं तेल मग पुढच्या मोठ्या कूलरमध्ये जायचं. आधी उष्णता तेलात आणण्याची व्यवस्था, मग तेलातली उष्णता हवेत सोडण्याची. आमच्या अंगणात यातला फक्त शेवटचा भाग होतो. कडेगावच्या मोहरमचे गगनचुंबी ताबूत वरचा मजला आधी आणि खालचा नंतर असे बांधत आणतात म्हणे, पण त्या कारागिरांना खालचा मजला कसा येणार हे पक्कं ठाऊक असतं. इथं कळस चढवून खाली काहीच नसतं. स्प्लेंडरच्या हेडमधली उष्णता मुख्यतः फिन्समधून हवेत जाते. तेलाच्या वाट्याला येणारा भाग लहान. तो लहान भाग तुम्ही वीतभर जाळीतून आणखी थंड केलात, तर हेडला फरक तो काय पडणार?

तोटा मात्र पडतो. "तेल जितकं गार तितकं बरं" हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण चूक आहे. इंजिनात पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. त्यातलं थोडं रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरतं, त्याबरोबर थोडं न जळलेलं पेट्रोलही. तेल चांगलं तापलं की हे दोन्ही वाफ होऊन ब्रीदरच्या नळीवाटे निघून जातं. तेल तापलंच नाही तर आतच राहतं. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ आठवा. वांगी किंवा चिंचणीपर्यंत जायचं, दूध घालायचं आणि परत यायचं. असल्या फेरीत कूलर नसतानाही तेल धड तापत नाही. वर उघडी जाळी लावली तर महिनाभरानं तेलाचं बूच उघडून बघा, आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट थर दिसेल. ते पाणी मिसळलेलं तेल. म्हणून कंपन्या आणि जाणते लोक कूलरच्या आधी थर्मोस्टॅट बसवतात, म्हणजे तेल तापेपर्यंत जाळीकडची वाट बंद राहते. स्वस्तातल्या किटमध्ये थर्मोस्टॅट नसतो. मुळात त्यातली बरीचशी किट चिनी बनावटीच्या छोट्या पिट बाइकसाठी, म्हणजे मैदानात तास-दोन तास फुल रेसमध्ये चालणाऱ्या गाड्यांसाठी बनवलेली असतात. दूध घालायला जाणाऱ्यांसाठी नव्हे.

शिवाय स्प्लेंडरमध्ये एकूण तेल असतं 900 मिलिलिटरच्या आसपास. त्यात कागदी फिल्टर नसतो. तळाला एक जाळी आणि क्रँकच्या टोकाला गरगर फिरून कचरा कडेला फेकणारा फिल्टर, एवढ्यावर काम चालतं. छोटासा पंप या छोट्या वाटेच्या हिशेबानंच दिलेला असतो. त्या वाटेत तुम्ही हातभर नळ्या आणि अरुंद नागमोडी जाळी घातलीत की सकाळच्या घट्ट तेलाला हेडपर्यंत पोचायला उशीर होतो. कॅमला तेल मिळतं ते सगळ्यांत शेवटी. थंडीत गाडी सुरू करताच वरून टक-टक आवाज येऊ लागला, तर तो टॅपेटचाच असेल असं नाही. आणि जाळी-नळ्यांत जे तेल भरतं ते कुठून येतं? जादा ओतलं नाही तर इंजिनातूनच. म्हणजे इंजिन वाचवायला म्हणून बसवलेल्या वस्तूनं पहिल्या दिवशीच इंजिनातलं तेल कमी केलं.

उसाच्या ट्रॅक्टरचा मुद्दा तर कूलरवाल्यांनी काढूच नये. ताकारी आणि टेंभू योजनांचं पाणी आल्यापासून तालुक्यात ऊस वाढला. हंगामात वांगीच्या सोनहिरा कारखान्याकडं आणि कुंडलच्या क्रांती कारखान्याकडं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर निघाले, की त्यांच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये रखडत जावं लागतं. तेव्हा इंजिन तापतं, कबूल. पण कूलरच्या जाळीतून वारा वाहिला तरच ती तेल थंड करते. रखडताना वारा कुठाय? शिवाय फेऱ्या कमी, म्हणजे पंपही कमी तेल ढकलतो. ज्या प्रसंगासाठी तुम्ही ती बसवली, नेमक्या त्याच प्रसंगी ती बिनकामाची ठरते. गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं बंद करून उसाचा रस प्यायलात तर त्याचा उपयोग जास्त.

बसवण्याचं काम कसं होतं, तेही जवळून बघण्यासारखं आहे. आमच्या दाजींची जुन्या इंजिनाची साडेतीनशेची बुलेट आहे. त्यांनी कूलर बसवला आणि मोठ्या कौतुकानं दाखवायला घेऊन आले. जाळी पुढच्या पाइपला केबल टायनं आवळलेली. मी म्हटलं, "दाजी, हँडल उजवीकडं पूर्ण वळवा बघू." वळवलं. एक नळी फोर्कचा खालचा यॉक आणि फ्रेम यांच्यात चिमटली. रबर तिथं घासून आरशासारखं चकाकत होतं. खाली बँजो बोल्टपाशी तेलाचा घाम, त्यावर रस्त्याची धूळ बसून काळी लापशी झालेली, आणि त्यातला एक ओघळ थेट सायलेन्सरच्या वाकणाच्या दिशेनं निघालेला. "तो जळका वास?" "नवं हाय म्हणून येतोय," दाजी म्हणाले.

तांब्याचे वॉशर जुनेच परत वापरलेले होते. तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो. तो तापवून मऊ तरी करावा लागतो, नाहीतर नवा घ्यावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत "गळू नये म्हणून" टेफ्लॉनची टेप गुंडाळलेली. त्या टेपचा एक तुकडा तुटून तेलाच्या भोकात गेला तर गळती बंद होईल खरी, पण वर जाणाऱ्या तेलाची. जास्त आवळून आटे गेले तर क्रँककेसचं काम निघतं, आणि त्या बिलात आणखी दहा कूलर येतात. शेवटचं आणि सर्वांत वाईट: पुढून गळणारं तेल वाऱ्यानं मागं जातं. मागच्या टायरवर. कराडच्या रस्त्यावर वळण घेताना ते कळून उपयोग नाही.

दाजींची बुलेट मग तापत का होती? मेन स्टँडवर उभी करून मागचं चाक हातानं फिरवलं, तर अर्ध्या फेरीत थांबलं. ब्रेकचा रॉड मागं कुणीतरी जास्त आवळून ठेवला होता. वर दाजींना पाय ब्रेकवर ठेवून चालवायची सवय. इंजिन बिचारं दिवसभर ब्रेकशी झुंजत होतं. नट चार-पाच आटे सैल केला, चाक मोकळं झालं. याला रविवारची दुपार लागली नाही.

कूलरच्या आधी बघायच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत आणि म्हणूनच कुणी करत नाही. तेलाची पातळी. स्प्लेंडरसारख्या गाडीत दोनशे मिली कमी म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा तेलच नाही. फिन्समधला चिखल. पावसाळ्यात रानातून आलेल्या गाडीच्या फिन्समध्ये माती थापून बसते, ती वाळली की इंजिनाला भर उन्हात गोधडी पांघरल्यासारखं होतं. लेग गार्डला पावसाळ्यात बांधलेली ताडपत्री, जी मे उजाडला तरी तिथंच असते. घसरणारा क्लच. कोरडी चेन. यातलं काहीही दुरुस्त करायला कूलरच्या किमतीचा अंशही लागत नाही. कूलरच्या पैशांत तीन-चार वेळा चांगलं तेल बदलून होईल. पण नट सैल केला, माती खरवडली, हे स्टँडवर चार लोकांना दाखवता येत नाही. जाळी दाखवता येते.

गाडी तापण्याचं एक कारण मात्र नवं आहे आणि त्यावर जरा थांबायला हवं, कारण ते आपल्याच रानातून निघालेलं आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं प्रमाण 2022 मध्ये दहा टक्क्यांवर आलं आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांवर गेलं. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसापासून येतं, त्यामुळं साखरपट्ट्यात त्याविरुद्ध बोलणं जिवावर येतं. मी विरुद्ध बोलतही नाही. पण रसायन समजून घेऊ. इथेनॉलच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग ऑक्सिजनच असतो. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनात साधारण 14.7 पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला 9 पट, आणि वीस टक्के मिश्रणाला साडेतेरा पटींच्या जवळपास. कार्ब्युरेटरला हे काही कळत नाही. त्याचं जेट जुन्या पेट्रोलच्या हिशेबानं भोक पाडलेलं असतं. ते तेवढंच इंधन देत राहतं, आणि इंजिनाला मिश्रण थोडं कोरडं मिळतं. आधीच किंचित कोरड्यावर लावलेल्या जुन्या गाडीत मग चढाला रेस देताना अडखळणं, रेस सोडताच सायलेन्सरमध्ये फट-फट, प्लगचं टोक पांढुरकं, अशी लक्षणं दिसतात. इथेनॉल वाफ होताना उष्णता जास्त शोषतं, त्यामुळं सगळं नुकसानच होतं असंही नाही. पण लक्षणं दिसली तर औषध कार्ब्युरेटरमध्ये आहे. फ्लोटची पातळी बघा, एअर स्क्रू बघा, गरज पडली तर एक नंबर मोठं जेट. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर आहे. तिथं संगणकच बऱ्यापैकी सावरून घेतो. कोरड्या मिश्रणानं तापणाऱ्या हेडला पुढं ऑइल कूलर लावणं म्हणजे ज्वर कशानं आला हे न बघता पंखा लावून बसणं.

"सगळं शोरूमला न्या" म्हणणारे लोक या वादात कायदा घेऊन येतात, तेही तपासू. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या, मूळ उत्पादकानं दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं तो अर्थ कडकपणे लावला. फाडफाड वाजणारा सायलेन्सर, बदललेलं इंजिन, कापलेली फ्रेम यांना हे लागू पडतं यात शंका नाही. पण तेवढ्यावरून अंगणात पाना हातात घेतलेल्या प्रत्येकाला गुन्हेगार ठरवायचं, हे मला पटत नाही. नव्या गाडीला कूलर बसवलात तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल, ही धमकी मात्र खरी आहे. कूलर नको हे सांगायला मला पोलीस लागत नाही, यांत्रिक कारणंच भरपूर आहेत.

मग कुणीच बसवू नये का? बसवावा की. ज्याचं इंजिन बोअर वाढवून, कॅम बदलून, मूळच्या दीडपट ताकदीला नेलंय, त्यानं बसवावा. ज्यानं उन्हाळ्यात, चढावर, भरल्या गाडीनं तेलाचा आकडा मोजलाय, वर सांगितलेली सगळी किरकोळ कामं करून पुन्हा मोजलाय, आणि तरीही काटा 130 च्या खाली यायला तयार नाही, त्यानंही बसवावा. पण मग धड बसवावा. थर्मोस्टॅटसकट. तेलासाठी बनवलेल्या, टोकं यंत्रावर दाबलेल्या नळ्या घ्याव्यात. पेट्रोलची नळी आणि स्क्रूची क्लिप चालणार नाही, ती गरम तेलाच्या दाबानं कधी सुटेल याचा नेम नाही. जाळी रबरी बुशवर टांगावी, केबल टायवर नको, कारण एका सिलिंडरची थरथर अ‍ॅल्युमिनियमला तडा पाडते. हँडल दोन्हीकडं टोकापर्यंत वळवून आणि पुढचं शॉकअप पूर्ण दाबून नळ्या कुठं घासतात ते बघावं. बँजोला नवे वॉशर, टॉर्क पान्यानं आवळलेले. जादा तेल मोजून ओतावं. इंजिन चालू करून एक मिनिटानं बंद करावं आणि पातळी पुन्हा बघावी. आणि पहिले काही दिवस दर फेरीनंतर गाडीखाली पुठ्ठ्याचा तुकडा टाकून ठेवावा. त्यावर थेंब दिसला, तर गाडी तिथंच उभी करून पाना घ्यावा.